पेला संपवा, चूळ भरा

पोरी, तू विचारलंस, "आजोबा, घरात चॉकलेट येत नाही, गोळ्या येत नाहीत, मग पोराच्या दाढा किडल्या कशा?" उत्तर ताटात शोधू नकोस, पेल्यात शोध. दुपारचा बाटलीतला आंब्याचा रस, संध्याकाळचा लिंबू सोडा, रात्री झोपताना साखर घातलेलं दूध. चावून खाल्लेलं गोड आपल्याला दिसतं, प्यालेलं गोड कुणी मोजत नाही.

आपल्या माळशिरस तालुक्यात साखरेला नावं ठेवायची म्हणजे जड जातं. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली माळीनगरला आपला कारखाना काढला. आगाशांचा बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट श्रीपूरला आला. पुढे यशवंतनगरला, सदाशिवनगरला कारखाने झाले. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आणि त्यावरचा ऊस, यांच्या जोरावर इथल्या घरांवर स्लॅब पडले, पोरींची लग्नं झाली, पोरं इंजिनिअर झाली. माझा पगारही साखरेतूनच आला. कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स म्हणजे विरघळलेले घटक बघ, पोल म्हणजे साखर बघ, पीएच म्हणजे आंबटपणाचं माप बघ (आकडा जितका कमी, तितका रस आंबट), यातच नोकरी सरली. त्यामुळे साखरेला शिव्या देणं मला शोभणार नाही. पण गोड रस थोडा वेळ मोकळा सोडला की काय होतं, हे मी काचेच्या नळीत पाहिलंय. तोंडातही तेच होतं. दातांच्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून बाकीचं पक्कं करून घेतलं. त्यातलं रोजच्या कामाचं तेवढं सांगतो.

१. किती प्यायलं ते नंतर; किती वेळ प्यायलं ते आधी बघ

ऊस तुटला की कारखान्यात घड्याळ सुरू होतं. चोवीस तासांच्या आत गाळप झालं तर साखरेचा उतारा चांगला. ट्रॉली वजनकाट्याबाहेर रांगेत दोन दिवस उभी राहिली की ऊस शिळा झाला. त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात. ते साखर खातात आणि तिचा डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात, सोबत आम्ल. रस बुळबुळीत होतो, पुढे गाळायला त्रास देतो. म्हणून मिलच्या पट्ट्यांवर, नाल्यांवर गरम पाणी आणि वाफ मारत राहावी लागते. रस कुठेही साचू द्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम.

तोंडात त्याच जातीचं काम करणारा जिवाणू आहे, स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाने तो किडलेल्या दातांत शोधला. तोही साखरेपासून चिकट थर बनवतो, त्या थरात घर करून दाताला धरून बसतो, आणि मिळेल त्या साखरेचं आम्ल करतो. दातावरचं कवच म्हणजे एनॅमल, शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ. पण ते मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, त्यामुळे आम्लापुढे विरघळतं. दाताजवळचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातून कॅल्शियम सुटू लागतं.

अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं. साखरेच्या पाण्याची चूळ घेतली की दातावरच्या थराचा पीएच काही मिनिटांत धाडकन खाली येतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा तास ते तासभर लागतो. आता हिशेब कर. एक पेला पाच मिनिटांत संपवला तर दातावर एक हल्ला झाला. तोच पेला मोबाइल बघत दोन तास चाखत बसलं तर दर घोटाला नवा हल्ला, आणि दाताला सावरायला वेळच नाही. साखर तेवढीच, नुकसान कितीतरी पट.

स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे मतिमंदांच्या संस्थेत हेच तपासलं गेलं. त्या लोकांची संमती न घेता मुद्दाम गोड खायला घालून केलेला तो प्रयोग आज कुणी करू धजणार नाही, आणि करूही नये. पण १९५४ साली छापून आलेला त्याचा निष्कर्ष दंतवैद्यक आजही धरून आहे. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मधे वरचेवर खाल्लेल्या चिकट गोडाने ती खूप वाढली.

म्हणून घरात नियम कर: गोड प्यायचं तर जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या, एका बैठकीत. पेला हातात घेऊन अंगणभर फिरायचं नाही. गाडीत बाटली मांडीवर ठेवून पंढरपूरपर्यंत घोट घोट घ्यायचा नाही. आणि तोंडात घोळवायचं तर मुळीच नाही. पोरांना गालात पेय धरून फुस्स करत गिळायची सवय असते, ती आधी मोड.

२. लाळेला तिचं काम करू दे

उसाचा ताजा रस थोडा आम्लधर्मी असतो, पीएच पाच-साडेपाचच्या आसपास. तो तसाच तापवला तर साखर फुटून वाया जाते. म्हणून कारखान्यात त्यात चुन्याचं दूध आणि गंधकाचा वायू मोजून सोडतात आणि पीएच सातच्या जवळ आणतात. माझं आयुष्य त्या सातच्या पहाऱ्यात गेलं.

तोंडात चुन्याच्या दुधाचं काम लाळ करते. तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट कवचाचा नुकताच सुटलेला भाग भरून काढतं. पण तिला सवड लागते. दोन खाण्यांमध्ये, दोन गोड पिण्यांमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेव. मधे तहान लागली तर माठातलं पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, शेतात काम करणाऱ्याचं तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते. नेमकं तेव्हाच माणूस थंड बाटली उघडतो. आधी दोन पेले पाणी, मग काय प्यायचं ते.

एक अपवाद सांगून ठेवतो. जुलाब झाले, ऊन लागलं, तर ओआरएस द्यायचंच. त्यातही साखर असते, पण ते औषध आहे. तिथे दाताचा विचार करत बसायचं नाही.

३. रसवंतीवर बस, पण पेला मोठा घेऊ नकोस

"उसाचा रस नैसर्गिक, त्याने काय होतंय," असं सगळे म्हणतात. लॅबवाल्याला विचार. पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स अठराच्या आसपास धरला, तर शंभर ग्रॅम रसात अठरा ग्रॅम विरघळलेले घटक, आणि त्यातली बहुतेक साखर. बर्फ वजा जाता दोनशे मिलीच्या पेल्यात तीस ग्रॅमच्या आसपास साखर सहज येते, म्हणजे सात-आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा आठव: वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या आत. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. एका पेल्यातच ती ओलांडली.

वर लिंबू पिळलं की रसाचा आंबटपणा वाढतो. चव छान येते, मलाही आवडते. त्यामुळे रस बंद कर असं मी म्हणत नाही. लहान पेला घे, बर्फ विरघळेपर्यंत थांबू नकोस, प्यायला सुरुवात केलीस की संपव आणि लगेच पाणी माग. रसवंतीवर पाण्याचा जग असतोच. ऊस सोलून चावून खाल्लास तर चावण्याने लाळ सुटते, एवढा फायदा. पण त्यातही साखर तीच. ऊस खाल्ल्याने दात घासल्यासारखे होतात, या समजावर विसंबून ब्रश चुकवू नकोस.

डाळिंबाचंही तसंच. आपल्याकडे बागा आहेत, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. पण फळ दाणे चावून खायचं, रस काढून नाही. दाण्यांत चोथा असतो, खायला वेळ लागतो, एकाच फळावर पोट भरतं. रस काढला की तीन डाळिंबं एका पेल्यात मावतात आणि घटाघट जातात.

४. आधी चूळ, ब्रश तासाभराने

गोड किंवा आंबट प्यालं की लोक दोनपैकी एक चूक करतात. काहीच करत नाहीत, किंवा घाबरून लगेच ब्रश घेतात. आम्लाने कवचाचा वरचा थर थोडा वेळ मऊ पडलेला असतो. तेव्हा ब्रश घासला तर मऊ झालेला थर खरवडला जातो. म्हणून प्यायल्याबरोबर साध्या पाण्याने खळखळून चूळ भर, ती गिळलीस तरी चालेल. ब्रशला निदान अर्धा तास थांब, आंबट प्यायलं असेल तर तासभर.

आपल्याकडे जेवल्यावर चूळ भरायची रीत होती, ताटावरून उठलं की मोरीवर जायचंच. पेय प्यायल्यावर मात्र ती रीत कुणी लावली नाही, कारण पूर्वी लोक पाणी आणि ताक प्यायचे. आता पेयं बदलली, रीतही वाढवायला हवी. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा पनीरचा तुकडा चावला तरी लाळ सुटून दातांना आराम मिळतो.

५. बाटलीवरची बारीक अक्षरं वाच

बाटलीच्या मागे पोषणाचा तक्ता असतो. "शर्करा" किंवा "शुगर" या ओळीत दर १०० मिलीला किती ग्रॅम, तो आकडा बघ. कोलाच्या बाटलीत तो साधारण दहा-अकरा असतो. २५० मिलीची बाटली म्हणजे सव्वीस-सत्तावीस ग्रॅम. चारने भागलं की चमचे कळतात. पोराला हे गणित करायला लाव. दहा वेळा रागावण्यापेक्षा सहा-सात चमचे साखर पाण्याच्या पेल्यात टाकून समोर ठेवलीस तर ते लवकर पटेल.

मग आम्ल बघ. कोलात फॉस्फोरिक आम्ल, लिंबू-संत्र्याच्या चवीच्या पेयात सायट्रिक आम्ल. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो. कवच ५.५ ला विरघळू लागतं, हे आठव. पीएचच्या मापात एक अंक म्हणजे दहापट. साडेपाच आणि अडीच यात तीन अंकांचं अंतर, म्हणजे आंबटपणा हजारपट. म्हणून "शुगर फ्री" लिहिलेलं पेय घेऊन समाधान मानू नकोस. त्याने जिवाणूला खायला मिळत नाही, हे खरं; पण आम्ल थेट कवचावर पडतं. किडणं वेगळं आणि झिजणं वेगळं. साखरेचं सोडा-पेय दोन्ही करतं, बिनसाखरेचं झिजवतं. नुसता सोडा, मीठ-मसाला-लिंबू नसलेला, यांच्या मानाने बराच सौम्य.

गावातल्या पानटपरीवर स्वस्तात मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकचा वेगळा धाक ठेव. त्यात साखर, आम्ल आणि वर भरपूर कॅफीन. मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते घेऊ नये, असं त्याच बाटलीवर छापलेलं असतं. क्रिकेटच्या मैदानावर पोरं तेच पितात. जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पालकसभेत तो नियम काढून दाखव. तुझ्या एकटीच्या पोराला घरी अडवून उपयोग नाही, शाळेच्या दारातच बाटली मिळत असेल तर.

प्यायचंच ठरलं तर स्ट्रॉ वापर, तिचं टोक दातांच्या मागे जिभेवर ठेव, आणि पटकन संपव. पुढचे दात थोडे वाचतात. पण स्ट्रॉ आहे म्हणून अर्धा तास चोखत बसलं तर काही वाचत नाही.

६. चहाचे कप मोज

आपल्या दातांचं सगळ्यात मोठं गोड पेय कोला नाही, चहा आहे. एका कपात दोन चमचे साखर, आणि दिवसात कप किती? सकाळी एक, चावडीवर एक, कुणाच्या वाड्यात गेलं की एक, दुपारी उठल्यावर एक, बँकेत काम झालं म्हणून एक. प्रत्येक कप म्हणजे तोंडात पीएचची एक घसरण. त्यात बिस्किट बुडवून खाल्लं की पिठाचा चिकट लगदा दाढेच्या खाचेत बसतो आणि साखर तिथेच धरून ठेवतो.

"आम्ही गुळाचा चहा पितो" हे मला सांगू नकोस. गूळ माझ्याच लॅबच्या भाषेत बहुतेक साखरच आहे. दाताच्या जिवाणूला साखर, गूळ, मध, काकवी, सगळं सारखंच पचतं.

चहा सोडू नकोस. साखर अर्धी कर, मग पाव कर. जिभेला काही आठवड्यांत सवय लागते. दिवसाचे कप दोन-तीनवर आण. कुणाच्या घरी "चहा घ्या" म्हटलं तर "बिनसाखरेचा घोटभर चालेल" असं मोकळेपणाने सांग. यजमानाचा मान राहतो आणि दातही राहतो. आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला, माळशिरसला, वेळापूरला मुक्कामाला असते, तुकोबांची अकलूजला. वाटेवर जागोजाग चहा आणि सरबत वाटतात. सेवा करणाऱ्यांनी चहाच्या टाकीशेजारी पाण्याची टाकी आणि चूळ भरायला जागा ठेवली तर तीही सेवाच. पुष्कळ वारकरी म्हातारे असतात, कित्येकांच्या हिरड्या खाली गेलेल्या असतात. दाताचं मूळ उघडं पडलं की तिथे एनॅमल नसतं, कीड फार लवकर लागते.

७. आंबटात फरक कर

चिंच खाल्ली, कैरी खाल्ली की दात आंबतात. भाकरीचा तुकडाही चावत नाही. ती तक्रार समज, कवच मऊ झालंय असं दात सांगतोय. एखादेवेळी झालं तर लाळ सावरून घेते. रोज झालं तर कवच झिजून आतला पिवळसर थर दिसू लागतो, थंड-गरम लागलं की कळ जाते. झिजलेलं एनॅमल परत येत नाही. त्यात जिवंत पेशीच नसतात.

रोज सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेण्याचं खूळ आता गावोगाव आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच, त्यात मधाची साखर, आणि रात्रभर कोरडं पडलेलं तोंड. दातांसाठी यापेक्षा वाईट वेळ निवडता आली नसती. घ्यायचं तर जेवणासोबत घे, घोट घोट नाही. पन्हं, कोकम सरबत, लिंबू सरबत उन्हाळ्यात हवंच; कधीतरी, एका दमात, वर चूळ.

ताकाची गोष्ट वेगळी. ताकही आंबट, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. ते कवचातून सुटायला लागलेलं कॅल्शियम धरून ठेवायला मदत करतं. साखर न घातलेलं, जिऱ्याचं ताक आपल्या उन्हाळ्याला आणि आपल्या दाताला दोघांनाही मानवतं. लस्सीत साखर घातली की ती या सवलतीतून बाहेर गेली.

८. रात्री दात घासल्यावर फक्त पाणी

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. मी म्हटलं ना, लाळ म्हणजे चुन्याचं दूध. रात्री तो पाइप बंदच. तेव्हा तोंडात साखर ठेवून झोपणं म्हणजे सगळ्यात लांबचा हल्ला. लहान लेकराला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवलं की पुढचे वरचे दुधाचे दात सगळ्यात आधी जातात. मध लावलेली चोखणीही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो, त्याने गंभीर आजार होऊ शकतो.

दूध द्यायचं तर बिनसाखरेचं, झोपण्याच्या आधी, आणि मग दात पुसून किंवा घासून. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडून देऊ नकोस. दुधाची दाढ बारा वर्षांपर्यंत कामाला असते. ती आधी काढावी लागली तर मागचे दात पुढे सरकतात आणि पक्क्या दाताला जागा राहत नाही.

९. घासायचं कशाने आणि कसं

फ्लोराइड असलेली साधी टूथपेस्ट, मऊ ब्रश, सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. रात्रीचं तर मुळीच चुकवायचं नाही. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही. घासून झालं की थुंकायचं, पण लगेच पेलाभर पाण्याने चूळ भरून टाकायची नाही. फ्लोराइड दातावर राहू दे. पेय प्यायल्यावर चूळ, पेस्टनंतर नुसतं थुंकणं, हा फरक लक्षात ठेव. सात-आठ वर्षांपर्यंत पोराचे दात तू स्वतः घास. त्याच्या हाताला ते नीट जमत नाही.

राखुंडी, कोळसा, मीठ, विटेचा चुरा, हे सगळं खरखरीत. आंबट प्यायलेल्या मऊ दातावर ते घासलं तर कवच उतरतं. कडुनिंबाची काडी हळुवार चावलीस तर हरकत नाही, पण तिच्यात फ्लोराइड नाही, म्हणून ती पेस्टची जागा घेत नाही. आणि मशेरी नको. ती भाजलेली तंबाखू आहे. दात चमकतात असं म्हणत बायका घासतात आणि व्यसन लागतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्यात आहे. घरात कुणी लावत असेल तर आधी तिला सोडव.

१०. सहा वर्षांच्या दाढेवर डोळा ठेव

साधारण सहाव्या वर्षी, एकही दुधाची दाढ न पडता, सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. आईबापाला वाटतं हीही दुधाचीच. ती पक्की दाढ असते, जन्मभराची. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, गोड पेय तिथे शिरून बसतं. त्या खाचा भरून घ्यायला सीलंट लावतात. टोचावं लागत नाही, दुखत नाही. पोराला डॉक्टरकडे घेऊन जाण्याचं हे वय आहे. दाढ ठणकण्याची वाट पाहू नकोस.

दर आठवड्याला उजेडात पोराचा ओठ वर उचलून बघ. हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर पिण्याची सवय बदलली आणि फ्लोराइड लावलं तर ती थांबते, परतही फिरू शकते. तपकिरी खड्डा पडला की ती वेळ गेली, मग भरावं लागतं.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करतात. त्यात दातही बघतात. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नकोस, आणि चिठ्ठी दिली तर ती दप्तरात कुजवू नकोस. अकलूजच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी कर.

दाढ दुखली की लवंगेचं तेल कापसावर घेऊन लावायला हरकत नाही, डॉक्टरकडे पोचेपर्यंतचा तो आधार आहे. हिरडीवर तंबाखू किंवा डोकेदुखीची गोळी दाबून ठेवू नकोस, हिरडी भाजते. आणि ठणका आपोआप थांबला म्हणून दाढ बरी झाली असं समजू नकोस. पुष्कळदा आतली नस मेलेली असते आणि पू खाली उतरत असतो.

११. बाटली आणणारा हात मोठ्याचा असतो

शेवटचा कानमंत्र तुझ्या पोरासाठी नाही, आपल्यासाठी आहे. दोन लिटरची बाटली पाच वर्षांचं लेकरू विकत आणत नाही. पाहुणा आला की आपणच कुणाला तरी दुकानात पिटाळतो. वाढदिवसाला केकशेजारी आपणच ती मांडतो. लग्नात पंगतीला थंड पेय नसलं तर आपणच कुजबुजतो. नातवंड रडलं की पहिला रुपया काढणारा आजोबा असतो.

मग पाहुण्याला काय द्यायचं? आधी तांब्याभर पाणी, मग जिरं-कोथिंबीर घातलेलं ताक. उन्हाळ्यात शहाळं मिळालं तर उत्तमच; त्यातही साखर असते, पण रसाहून कमी. वाढदिवसाला डाळिंबाचे दाणे वाट्यांत भरून ठेव, पोरं हात लावून खातात. गोड द्यायचंच असेल तर जेवणात दे, खीर दे, श्रीखंड दे, पोळीबरोबर दे. सणावाराला पोटभर गोड खाल्लेला दात टिकतो. दिवसभर घोट घोट गोड मिळणारा दात टिकत नाही.

पुढच्या सोमवारी किराण्याची यादी करशील तेव्हा त्यातून मोठी बाटली काढून टाक. पोराने मागितली तर "नाही" म्हणू नकोस, "रविवारी, जेवणानंतर, एक पेला" असं म्हण. आणि रविवार आला की तो शब्द पाळ, नाहीतर बाकीचे दहा कानमंत्र त्याला कुणी ऐकायला लावू शकणार नाही.